भिशी लागेपर्यंतचा स्कोप

माझा एक मित्र शिरोली एमआयडीसीत लेथ चालवतो. वय चव्वेचाळीस, हात स्थिर, नेम चांगला आणि नुकतीच चाळिशी लागलेली. त्याच्याकडे ०.१७७ इंची, नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. पन्हाळ्याच्या वाटेला त्याच्या भावाचा ऊस आहे, उसाच्या कडेला पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. तिथं कागदाच्या टार्गेटवर नाहीतर रिकाम्या डब्यांवर त्याची नेमबाजी चालते. चाळिशी लागल्यापासून नेम धरायची नळीवरची मागची खाच आणि पुढची माशी एकदम स्पष्ट दिसेनात. चष्मा घातला की खाच दिसते पण टार्गेट धुरकट, काढला की उलटं. स्कोपमध्ये, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीत, नेमाची फुली आणि टार्गेट एकाच जागी दिसतात, त्यामुळं त्याला स्कोप हवा होता. कारण अगदी रास्त होतं.

पैशाची बाजू अशी. हातात अडीच हजार. त्याच्या वर्कशॉपमधल्या दहा जणांची महिना हजाराची भिशी नोव्हेंबरात सुरू झालेली, चिठ्ठीत त्याचा नंबर आठवा. म्हणजे दहा हजार येणार, पण जूनमध्ये. चांगला स्कोप भिशीच्या पैशातून घ्यायचा, हे त्याचं ठरलेलं होतं. तोवर अडीच हजारांत काय घ्यावं, की काही न घेता थांबावं, एवढाच प्रश्न होता.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो, कारण एअर रायफल म्हटली की लोक तेच विचारतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलपर्यंत ताकदीची आणि ०.१७७ इंचापर्यंत नळीची एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. याचा अर्थ तिनं काहीही मारता येतं असा होत नाही. भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, "वानरं लई झाल्यात, दोन छर्रे हाणून बघ की." वानर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, पाखरांचंही तेच. आणि रानडुक्कर या छर्ऱ्यानं मरणार तर नाहीच, नुसतं जखमी होऊन ते रानात फिरेल. मित्रानं भावाला तिथंच गप्प केलं. पुढं जे काही आहे ते कागदाच्या टार्गेटपुरतं.

मी त्याला आधी वेगळाच पर्याय सुचवला होता. मागच्या खाचेच्या जागी बारीक भोकाची पीप साइट. भोकातून बघितलं की चाळिशीतल्या डोळ्यालाही माशी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, आणि ती साइट हलत नाही की फुटत नाही. कोल्हापुरात हे पटवायला जड जाऊ नये. तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर प्रोनमध्ये (पोटावर झोपून नेम) जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं, आणि दोघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती. त्या स्पर्धांत तिला परवानगीच नसते. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तोही भोकातूनच मारतात. मित्रानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खरं हाय मर्दा, पण मला स्कोपच पायजे." छंदात एवढा हट्ट चालतो. पुढं गेलो.

रायफलीच्या खोक्यातून एक ४×२० स्कोप (चार पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग २० मिमीचं) फुकट आलेला होता. तो लावून तो महिनाभर वैतागला होता. सकाळी झिरो केलेली, म्हणजे फुलीवरच छर्रा लागेल अशी जुळवलेली रायफल दुपारी दोन इंच डावीकडं मारायची. त्याचा निष्कर्ष: रायफल खराब. नवीन काही घ्यायच्या आधी हे तपासायला हवं होतं, कारण दोष रायफलीचा किंवा माउंटचा (स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचा) असेल तर दहा हजारांचा स्कोपसुद्धा तसाच भरकटणार. तपासणी सोपी आहे. मागच्या रिंगेच्या पुढच्या बाजूला टेकवून रेलवर, म्हणजे रायफलीवर माउंट बसतं त्या पट्टीवर, शिसपेन्सिलीनं रेघ मारली आणि बांधावर एक डबीभर छर्रे उडवले. परत बघितलं तर रेघ आणि रिंग यांच्यामध्ये चांगली फट पडलेली. माउंट रेलवरून मागं सरकत होतं. फुकटच्या माउंटला स्क्रू होते बारीक, आणि खाली अटकावाची पिन नव्हतीच. पण माउंट पुन्हा पुढं आणून कितीही आवळलं तरी छर्रे फिरतच राहिले. स्कोपमधून बघितलं तेव्हा कळलं, फुली घड्याळात अकरा वाजून गेल्यासारखी तिरकी झाली होती. आतली कडी सैल होऊन फिरली होती. रायफल बिचारी निर्दोष.

असं का होतं, हे या प्रकरणाचं मूळ आहे. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का बाकी बंदुकांसारखा नसतो. घोडा सुटला की दाबलेली स्प्रिंग जड पिस्टनला पुढं ढकलते, त्यामुळं रायफल मागं येते. हा पहिला धक्का, सगळ्यांना माहीत असलेला. पण पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी पोचतो तेव्हा त्याच्यापुढं कोंडलेली हवा उशीसारखी उभी राहते. पिस्टन थांबतो आणि रायफल पुढं हिसका खाते. हे सगळं सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात उरकतं. बारुदाच्या रायफलीसाठी बनवलेला स्कोप मागं येणारा धक्का सोसायला बनवलेला असतो; भिंगं आणि फुली त्या दिशेला टेकवलेली असतात. पुढचा हिसका आला की आतल्या कड्या, भिंगं, फुलीची नळी उलट्या दिशेनं ओढली जातात आणि हळूहळू सैल होतात. म्हणून मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं चाललेला भारी स्कोप एअर रायफलीवर मोडल्याच्या गोष्टी ऐकू येतात. अशा स्कोपच्या खोक्यावर "स्प्रिंग एअर रायफलसाठी" असं लिहिलेलं असणं ही पहिली अट. किमतीचा नंबर त्यानंतर.

मित्राच्या मनात मात्र दुसरंच होतं. मोबाइलवर त्यानं एक ६-२४×५० शोधून ठेवलेला. लाल-हिरवा दिवा, सोबत लेसर, चकचकीत खोका, आणि वर नाव अमेरिकेतल्या एका नामांकित कंपनीचं. किंमत बत्तीसशे. सातशे रुपये शॉपमधून उसने घ्यायची तयारी.

"चोवीस पट दिसतंय म्हंजे छर्रा कुठं बसला ते हितनंच दिसंल की."

त्या नावाचा अस्सल ६-२४ बत्तीसशेत मिळत नाही, म्हणजे तो नकली. हे त्यालाही ठाऊक होतं. त्याचं म्हणणं, नकली तर नकली, दिसतं तर आहे ना? मी त्याला त्याच्याच धंद्यातला हिशेब घातला. बत्तीसशेतून पन्नास मिमीचं भिंग, झूमची यंत्रणा, दिवा, लेसर, खोका, वाहतूक आणि विकणाऱ्याचा नफा वजा कर. फुली जागेवर दाबून धरणारी जी स्प्रिंग, तिच्यासाठी किती उरले? पंधराशेच्या साध्या ४×३२ मध्ये यातलं निम्मं काही नाहीच, त्यामुळं तेवढ्याच पैशात उरलेले भाग जरा बरे बनवता येतात. शिवाय ६-२४ वजनाला दुपटीच्या पुढं. जेवढं वजन जास्त, तेवढं प्रत्येक हिसक्याला माउंट जास्त सरकणार. आणि चोवीस पटीवर पन्नास मिमीच्या भिंगातून डोळ्याशी येणारा उजेडाचा गोल जेमतेम दोन मिमीचा. डोकं जरा हललं की काळोख. ४×३२ मध्ये तो गोल आठ मिमीचा असतो, गाल दस्त्यावर टेकवला की चित्र समोर.

तिसरा पर्याय ३-९×४० होता, अठराशेला. दिसायला हाच समंजस वाटतो आणि बहुतेक जण इथंच फसतात. त्याला पुढच्या भिंगावर फिरणारी फोकसची रिंग, म्हणजे एओ, नव्हती. अशा स्कोपचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष, बहुधा कारखान्यातच १०० यार्डांवर शून्य केलेला असतो. आमचं टार्गेट १० ते २० मीटरवर. फरक किती पडतो ते मोजता येतं: भिंगाची त्रिज्या घ्या, तिला टार्गेट आणि ठरवलेलं अंतर यांतल्या फरकानं गुणा आणि ठरवलेल्या अंतरानं भागा. चाळीस मिमीच्या भिंगाची त्रिज्या वीस. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, टार्गेट १० मीटरवर. उत्तर येतं जवळजवळ १८ मिमी. फुली बरोबर मध्यावर दिसत असताना, डोळा भिंगाच्या काठाशी गेला एवढ्यावरून, छर्रा अठरा मिमी बाजूला पडू शकतो. नऊ पट मोठं चित्र बघून माणूस स्वतःला शाबासकी देतो आणि कागदावर भोकं विखुरलेली.

बत्तीस मिमीच्या भिंगाला हाच आकडा १४ येतो. तोही काही लहान नाही. पण ४×३२ बाबत एक गोष्ट आमच्या बाजूला होती: घेणारा माणूस लेथवाला होता.

खरेदी अशी झाली. स्प्रिंगच्या रायफलीसाठी म्हणून विकला जाणारा साधा ४×३२, पंधराशे. आणि नऊशेचं एकसंध माउंट, चार स्क्रूंच्या दोन टोप्या आणि खाली अटकावाची पिन असलेलं. अडीच हजारांत नऊशे माउंटला, हे त्याला आधी अति वाटलं. पण स्कोप तात्पुरता होता, माउंट कायमचं. जूनमध्ये येणारा स्कोपही एक इंची नळीचाच असणार होता, म्हणून माउंटची उंची मुद्दाम चाळीस मिमीचं भिंग बसेल अशी बघितली. आज बत्तीसचं भिंग जरा उंच बसतं, गाल अर्धा इंच वर टेकवावा लागतो. दस्त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ते भागलं.

बसवताना पिन रायफलीच्या रेलमागच्या भोकात नीट उतरली की नाही हे बघणं सगळ्यांत महत्त्वाचं. नुसतं आवळून घर्षणावर भरवसा ठेवला की पेन्सिलीची रेघ पुन्हा खरं बोलते. या वेळी रेघ जागच्या जागी राहिली.

मग त्यानं पॅरॅलॅक्सला हात घातला. साध्या ४×३२ला फोकसची रिंग नसते, पण पुढच्या भिंगाचा कप आट्यांवर बसवलेला असतो आणि त्याच्यासमोर एक लॉक रिंग असते, दोन बारीक खाचांची. मित्रानं शॉपमधल्या पट्टीच्या तुकड्यातून दोन दातांची चावी घासून काढली, रिंग सोडवली आणि कप बाहेरच्या दिशेनं फिरवायला लागला. जवळच्या वस्तूवर फोकस आणायचा तर भिंग फुलीपासून लांब न्यावं लागतं. १०० यार्डांवरून १५ मीटरपर्यंत यायला मिलिमीटरच्या आतच काम होतं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली, १५ मीटरवर टार्गेट, आणि हा स्कोपला हात न लावता डोकं वर-खाली करतोय. फुली टार्गेटवर सरकली की कप थोडा फिरव, पुन्हा बघ. फुली गोंदासारखी चिकटून राहिली तिथं थांबला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, लॉक रिंग बसवली. १५ मीटरवर शून्य, १० आणि २० मीटरवर जास्तीत जास्त पाचेक मिमी. चौदावरून पाचवर, तेही वीस रुपयांच्या टेपमध्ये.

याची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. नळीत भरलेला कोरडा वायू निघून जातो आणि दुकानदाराची वॉरंटी संपते. दहा हजारांच्या स्कोपला कुणी असं करू नये. पंधराशेच्या, पुढंमागं बदलायच्याच स्कोपवर हा जुगार मला मान्य होता.

पहिले छर्रे १० मीटरवर तीन इंच खाली. मोडून भरायच्या रायफलीत हे नेहमीचं: बिजागरीपाशी नळी किंचित खाली झुकलेली असते. मित्र लगेच टरेट, म्हणजे फुली सरकवायची स्कोपवरची खुंटी, वर फिरवायला लागला, आणि मी त्याचा हात धरला. वर-वर नेत राहिलं तर टरेटचा स्क्रू जवळजवळ बाहेर येतो, आतली स्प्रिंग ढिली पडते आणि फुली प्रत्येक हिसक्याला नाचते. त्यापेक्षा स्कोपच मागून उचलायचा. त्याच्या आईचा गुडघ्याचा जुना एक्स-रे घरात होता, त्याची पट्टी कापली. मायक्रोमीटरवर जाडी ०.२ मिमी भरली. दोन रिंगांमधलं अंतर ८० मिमी. म्हणजे एका पट्टीला १० मीटरवर २५ मिमी. मागच्या रिंगेखाली तीन पट्ट्या, आणि छर्रा जवळपास जागेवर. हा हिशेब त्यानं टार्गेटच्या पाठीवर मांडला, मी फक्त बघत होतो.

उरलेलं टरेटवर. एक क्लिक म्हणजे कोनाच्या मापात पाव मिनिट (एका अंशात साठ मिनिटं), १० मीटरवर पाऊण मिमीच्या आसपास. स्वस्त स्कोपमध्ये क्लिक केल्या केल्या फुली पूर्ण सरकत नाही, एक-दोन छर्रे उडाल्यावर ती बसते. मित्र हसला, "अरे, बॅकलॅश हाय ह्याला." लेथवर स्लाइड नेहमी एकाच बाजूनं मापावर आणतात, तेच इथं केलं: हवं त्यापेक्षा दोन क्लिक पुढं जायचं आणि आवळायच्या दिशेनं परत यायचं, म्हणजे स्क्रू स्प्रिंगवर दाबून बसतो. मग चौकोनाची परीक्षा. २० मीटरवर एक छर्रा, चाळीस क्लिक वर, चाळीस उजवीकडं, चाळीस खाली, चाळीस डावीकडं, प्रत्येक कोपऱ्यात एक. चौकोनाची बाजू ५८ मिमी यायला हवी होती, ती पन्नासच्या घरात आली. क्लिक खोटे. पण शेवटचा छर्रा पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला. क्लिकचं माप खोटं असलं तरी चालतं, एकदा झिरो केल्यावर टरेटला हात लावायचाच नाही. फुली परत जागेवर येते की नाही, यावर हा स्कोप ठेवायचा की परत करायचा ते ठरणार होतं. ठेवला.

२० मीटरवर झिरो केल्यावर १० मीटरवर छर्रा बारा-तेरा मिमी खाली पडतो, कारण स्कोप नळीच्या वर पावणेदोन इंच बसलेला. तेवढी फुली वर धरायची. दोन रविवारांत त्याला ते अंगवळणी पडलं.

ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा झुबका, पूर्वी मुठीएवढा यायचा, तो रुपयाच्या नाण्यात यायला लागला. त्यापुढं लहान होईना. इथं मित्राला पुन्हा चोवीस पट आठवले. मी त्याला छर्ऱ्यांची दुसरी डबी आणायला लावली. त्याच्या जुन्या डबीतले निम्मे छर्रे बुडाशी चेपलेले होते, एक नळीत सैल जायचा, दुसरा घट्ट. चांगल्या डबीनं थोडा फरक पडला, आणि पकडीनं जास्त. हा माणूस लेथचं हँडल धरावं तशी रायफल आवळून खांद्यात दाबायचा. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीत असतानाच दोनदा हलते. तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं, तर हात नुसता खाली आधाराला, मोकळा. हे जमायला त्याला उन्हाळा गेला.

जून आला, भिशी लागली. आणि जूनमध्ये शाळाही उघडते. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशात आणि पुस्तकांत दहातले साडेसहा गेले, राहिलेल्यातून घराच्या पत्र्याचं काम. वहिनींनी मला विचारलंसुद्धा, "भावजी, त्या बंदुकीचं काही अडलंय का?" काही अडलं नव्हतं. आठ महिन्यांसाठी घेतलेला स्कोप पुढं दिवाळीच्या बोनसपर्यंत चालला. बचतीच्या योजना घरात अशाच लांबतात, म्हणून तात्पुरता स्कोप "कसाबसा चालवू" या हिशेबानं घेऊ नये असं माझं मत आहे. बत्तीसशेचा घेतला असता तर जूनमध्ये त्याच्या हातात ना स्कोप असता ना भिशी. पावसाळ्यात मात्र जुगाराची बाजू दिसली: जुलैत भिंगावर आतून धुकं धरलं आणि दोन महिने बांधावर जाणं जवळपास बंद झालं. कोल्हापूरच्या पावसात तसंही कोण जातंय.

दिवाळीला त्यानं यादी नव्याने केली तेव्हा त्यात ६-२४ नव्हता. ३-९×४०, एओ १० यार्डांपासून, स्प्रिंगच्या रायफलीसाठी असल्याचं कंपनीनं लिहून दिलेलं, आणि पावतीवर वॉरंटी देणारा दुकानदार. साडेसात हजारांत मिळाला. माउंट तेच, एक्स-रेच्या पट्ट्या तीनच्या दोन झाल्या.

१० मीटरवर नव्या स्कोपचा ग्रुप जुन्यापेक्षा फारसा लहान आला नाही, आणि मित्राचं तोंड उतरलं. २५ मीटरवर गेल्यावर फरक दिसला: जुन्यात दहाचं वर्तुळ फुलीच्या रेघेखाली झाकलं जायचं, नव्यात रेघ बारीक आणि वर्तुळ वेगळं दिसतं. क्लिकही खरे आहेत, चौकोन मापात येतो. ४×३२ शॉपमधल्याच एकानं सहाशेला घेतला. सील उघडलेलं आहे आणि पावसात धुकं धरतं, हे त्याला आधी सांगितलं होतं. माउंट मागितलं, ते दिलं नाही.